कॉलेजची जुनी इमारत ‘धोकादायक’ आहे हे ठरवायचं कसं?

पावसाळा तोंडावर आला की नगरपरिषदा धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात. त्या यादीत गावातल्या जुन्या शाळेचं किंवा कॉलेजचं नाव आलं, की माजी विद्यार्थ्यांमध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘आमचं कॉलेज पाडू देणार नाही.’ दुसरा म्हणतो, ‘उद्या स्लॅब पोरांच्या डोक्यावर पडला तर जबाबदार कोण?’ बहुतेक वेळा त्या इमारतीला स्लॅबच नसतो. वर कौलं असतात, मधल्या मजल्याला सागवानी तुळया आणि फळ्या असतात, भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या असतात. म्हणजे भांडण एका इमारतीबद्दल चालू असतं आणि डोळ्यासमोर असते दुसरीच.

इमारत कधी बांधली, कशाची बांधली, कोणत्या कामासाठी बांधली आणि नंतर तिच्यावर कोणकोणत्या दुरुस्त्या झाल्या, हा सगळा मजकूर आपण सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी राखून ठेवतो. मला तो तांत्रिक माहितीचा भाग वाटतो. हा इतिहास हाती नसेल तर इमारत सुरक्षित आहे की नाही, हे कुणालाच नीट सांगता येणार नाही, इंजिनिअरलासुद्धा. असं का म्हणतो, ते या लेखात पायरीपायरीने पाहू.

## भार कोण उचलतं?

आज बांधल्या जाणाऱ्या बहुतेक इमारती आरसीसीच्या असतात. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचे खांब, तुळया आणि स्लॅब यांचा एक सांगाडा उभा राहतो आणि सगळं वजन तो पेलतो. भिंत ही नुसता आडोसा.

जुन्या कॉलेजात असा सांगाडा नसतो. छपराचं वजन भिंतीवर, भिंतीचं पायावर आणि पायाचं जमिनीवर, असा सरळ हिशेब असतो. अशा भिंतीला ‘भारवाही भिंत’ म्हणतात. ती दीड-दोन फूट जाड असते. खिडक्या उंच पण अरुंद असतात आणि वरच्या मजल्याची खिडकी खालच्या खिडकीच्या बरोबर वर येते, म्हणजे मधला भिंतीचा पट्टा छपरापासून पायापर्यंत अखंड राहतो. खिडकीवरची कमान वरचं वजन दोन्ही बाजूंना वळवते. हे सगळं शोभेसाठी केलेलं दिसतं, पण ते वजन खाली उतरवण्याचं गणित आहे.

त्या गणिताचे आकडे पाहिले की भीती बरीच कमी होते. बांधकामाच्या चिऱ्याने दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन दाब सोसावा, असं भारतीय मानक सांगतं. सोप्या भाषेत, एवढ्याशा एका चौरस मिलिमीटर जागेवर साधारण साडेतीनशे ग्रॅम. आता नऊ मीटर उंच, म्हणजे दोन मजली कॉलेजची भिंत घ्या. तिच्या स्वतःच्या वजनाने तळाशी तेवढ्याच जागेवर साधारण अठरा ग्रॅम येतात. मजला, छप्पर आणि भरलेले वर्ग धरून तो आकडा दुप्पट मानला, तरी चाळीस ग्रॅमच्या आत राहतो. चिरा आणि चुना मिळून झालेल्या भिंतीची ताकद एकट्या चिऱ्यापेक्षा बरीच कमी असते हे खरं, पण ती वजावट करूनही मधलं अंतर उरतं.

तेव्हा चिऱ्याची धड भिंत वजनाखाली चिरडून पडणं दुर्मीळ. ती पडते पाणी मुरून, पाया एका बाजूने खचून, तुळईचं भिंतीत बसवलेलं टोक कुजून, नाहीतर छपराचे वासे पसरून भिंतीला बाहेर ढकलू लागल्यामुळे. तपासायचं असतं ते हे.

## चिरा आणि चुना

चिरा म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण त्याचा स्वभाव लक्षात घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. काळ्या कातळावर लाखो वर्षं धो धो पाऊस पडला. त्या पाण्याबरोबर सिलिकासारखी द्रव्यं वाहून गेली आणि लोखंड-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. तो हा जांभा. त्याचा तांबडा रंग लोखंडाचा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, म्हणून तासता येतो. हवा आणि ऊन लागलं की टणक होतो. आणि तो सच्छिद्र असतो. पाणी पितो, पण उघडीप मिळाली की ते सोडूनही देतो.

ही दुसरी सवय फार महत्त्वाची. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. इतक्या पावसात भिंत ओली होऊच नये, हा आग्रह जुन्या गवंड्यांनी धरला नाही. भिंत ओली होणार हे गृहीत धरून ती दिवाळीनंतर कशी वाळेल, हे त्यांनी पाहिलं. लांब पुढे आलेल्या पागोळ्या आणि पश्चिमेकडचा व्हरांडा झड अडवायचा. उरलेली ओल दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून, म्हणजे दरजांमधून बाहेर पडायची.

चुन्याची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. चुनखडी किंवा किनाऱ्यावरच्या शिंपल्या भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजल्या की त्यांतला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की खदखदतो आणि विरतो. विरलेल्या चुन्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, घालून चुन्याच्या घाण्यात मळायची. सुरखीमुळे चुना ओलाव्यातही धरतो. काही ठिकाणी त्यात गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर असंही घालत. हा चुना भिंतीत गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा हळूहळू आत घेतो आणि परत चुनखडी होऊ लागतो. म्हणजे दगडाचं पीठ करायचं, ते हवं तिथे बसवायचं आणि तिथे त्याचा पुन्हा दगड होऊ द्यायचा. याला महिने लागतात, जाड भिंतीत तर वर्षं लागतात. चुना सिमेंटइतका कडक कधीच होत नाही आणि इथे तेच हवं असतं. भिंत जराशी हलली तर चुना जरासा सरकून घेतो. बारीक चीर पडली तर आत झिरपणारं पाणी मोकळा चुना विरघळवून त्या चिरेत आणून बसवतं आणि चीर काही अंशी आपोआप बुजते.

## कागद नसले तर तारीख कुठून काढायची?

संस्थेच्या कार्यकारी मंडळाची जुनी इतिवृत्तं, मिळकत पत्रिका, देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या, १८८० साली निघालेलं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर, ही पहिली ठिकाणं. ब्रिटिश काळात सरकारी खर्चाने झालेल्या बांधकामाचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधता येतात.

पण कागद वाळवीने खाल्ले असतील, पुरात गेले असतील, तर इमारतीकडेच जायचं. अमुक वस्तू अमुक सालाआधी बाजारातच नव्हती, या एका तत्त्वावर बरंच काही कळतं.

कौलापासून सुरुवात करा. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. त्याआधी कोकणात छपराला नळे, म्हणजे अर्धगोल देशी कौलं असत किंवा गवत. म्हणजे मंगळुरी कौलांसाठी मुळातूनच योजलेलं छप्पर असेल तर ते त्या सालानंतरचं. कौल उलटून पाहिलं तर मागे कारखान्याचं नाव असतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने बासेल मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. त्यामुळे कौलावर मिशनचं नाव आहे की ट्रस्टचं, यावरून ते युद्धाआधीचं की नंतरचं हे सांगता येतं. इथे एक सावधगिरी हवी. कौलावर साल छापलेलं असेल तर ते कारखान्याच्या स्थापनेचं असू शकतं, कौल भाजल्याचं नव्हे. शिवाय कौलं बदलली जातात. कौल छपराचं वय सांगतं, भिंतीचं नाही.

मग लोखंडी तुळया बघायच्या. गंज हलकेच खरवडला की कधीकधी अक्षरं दिसतात. ‘डॉर्मन लाँग’ असेल तर ती इंग्लंडमधल्या मिडल्सबरोहून बोटीने आली. ‘टाटा’ असेल तर ती १९१२ नंतरची, कारण जमशेदपूरला पोलाद निघू लागलं तेव्हापासून. देशी सिमेंट नियमित मिळू लागलं ते १९१४ साली पोरबंदरचा कारखाना सुरू झाल्यावर. नक्षीदार सिमेंटच्या फरशा बनवणारी भारत टाइल्स ही कंपनी निघाली १९२२ साली. अशा खुणा एकत्र मांडल्या की ‘तळमजला आधीचा, वरचा मजला महायुद्धानंतरचा, मागची प्रयोगशाळा त्याहून नंतरची’ असं चित्र उभं राहतं.

याचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. दोन वेगवेगळ्या काळांतली बांधकामं जिथे भिडतात, तिथे उभी चीर पडते. दोन्ही भाग आपापल्या पायावर वेगवेगळे बसतात, म्हणून ती पडते. ती चीर भिंत फुटल्याची खूण आहे की जुन्या जोडाची, हे इतिहास ठाऊक नसलेल्या माणसाला कळणार नाही. तो घाबरून अहवालात ‘मोठी भेग’ असं लिहील.

## ही इमारत मुळात कशासाठी होती?

मुंबईच्या काळा घोड्याजवळची एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत पाहा. १८८८ साली ती पुरी झाली. आज ती मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंबरोबर जागतिक वारसा यादीत आहे. पण मुळात तिची योजना झाली होती सरकारी मध्यवर्ती छापखान्यासाठी. कॉलेज तिथे नंतर आलं. आणि वर ज्या पुराभिलेखागाराचा उल्लेख केला, ते याच इमारतीत आहे. कोकणातल्या किती तरी गावांचे जुने सरकारी कागद एका जुन्या कॉलेजच्या भिंतींच्या आधाराने टिकून आहेत.

खाली कोकणात उच्च शिक्षण उशिरा आलं. रत्नागिरीत कॉलेज निघालं ते १९४५ साली. त्याआधी मॅट्रिकच्या पुढे शिकायचं तर मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावं लागे आणि मुंबईला जाणं म्हणजे बोटीचा प्रवास. संस्था लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या. जी जागा मिळाली तिथे वर्ग भरले, मग ती हायस्कूलची इमारत असो की कुणी दिलेला वाडा.

वाड्यात कॉलेज भरलं की काय होतं? आजच्या मानकांप्रमाणे घराच्या मजल्यावर दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो वजन धरतात. वर्गासाठी तीनशे. पुस्तकांची कपाटं ओळीने लावलेल्या ग्रंथालयासाठी सहाशे आणि कपाटं उंच असतील तर त्याहून अधिक. म्हणजे राहत्या घराच्या माडीवर ग्रंथालय हलवलं की मजल्यावरचं अपेक्षित वजन तिप्पट झालं. तुळया वाकतात, जमीन हलते असं वाटू लागतं. अशा वेळी पुस्तकं तळमजल्यावर उतरवली की निम्मा प्रश्न सुटतो आणि त्याला खर्च हमालीचाच येतो. वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले गळके नळ, व्हरांडा बंद करून केलेली कार्यालयं यांचाही हिशेब असाच घ्यावा लागतो. व्हरांडा बंद केला की आतली भिंत वाळायची थांबते आणि झड नव्या आडोशावर आदळू लागते.

## मग बिघडतं कुठे? बहुतेक वेळा दुरुस्तीत

सिमेंट वाईट नाही. आरसीसीच्या सांगाड्यात त्याला पर्याय नाही. पण चिऱ्या-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवणं म्हणजे पावसात चिंब भिजून आलेल्या माणसाला ओल्या कपड्यांवरच रेनकोट घालून बसवणं. बाहेरून तो कोरडा दिसेल, आत गारठत राहील.

भिंतीत हे असं घडतं. सिमेंटचा गिलावा कडक असतो, खालची भिंत मऊ. उन्हा-पावसात दोघं वेगवेगळ्या मापाने फुगतात-आकसतात आणि गिलाव्याला केसासारख्या चिरा पडतात. पाऊस त्या चिरांतून आत जातो. जमिनीतली ओलही वर चढत असते. पण बाहेर पडायला आता दरजा उरलेल्या नाहीत. पाणी आतच राहतं. समुद्रकाठी या पाण्यात मीठ असतं. वाळताना गिलाव्याच्या मागे मिठाचे स्फटिक धरतात, वाढतात आणि चिऱ्याचा पृष्ठभाग आतून फोडतात. गिलाव्यावर बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज येतो. तो काढला की मागे तांबडा भुगा सांडतो.

त्याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. सागवानी तुळयांची टोकं भिंतीच्या आत बसवलेली असतात. भिंत ओली राहिली की तीच टोकं आधी कुजतात. खोलीत उभं राहून पाहिलं तर तुळई ठणठणीत दिसते आणि जिथे ती टेकलेली असते तिथे लाकडाचा भुसा झालेला असतो. मजला अचानक खाली येण्याच्या घटना होतात, त्यांमागे अनेकदा हे कारण असतं. म्हणून ‘पाच वर्षांपूर्वीच सगळी इमारत प्लॅस्टर करून रंगवली’ असं कुणी अभिमानाने सांगितलं, की मला त्या इमारतीची जास्त काळजी वाटते.

## स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये काय असतं, काय असायला हवं?

इमारतीची रचना किती सक्षम आहे याची इंजिनिअरकडून केलेली तपासणी म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट. महाराष्ट्रात त्यानंतर इमारतीला एक वर्ग देतात. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची किंवा काही भाग उतरवायचा. सी-२-बी म्हणजे रिकामी न करता रचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ आणि सी-२-ए यांच्यात एका अक्षराचा फरक दिसतो, पण एकात इमारत जाते आणि दुसऱ्यात वाचते.

अडचण अशी, की ऑडिटच्या नेहमीच्या चाचण्या आरसीसीसाठी बेतलेल्या आहेत. रिबाउंड हॅमर नावाचं एक उपकरण पृष्ठभागावर आपटतात आणि ते किती उसळतं त्यावरून काँक्रीटची ताकद काढतात. दुसऱ्या चाचणीत ध्वनिलहरी आरपार सोडून त्यांचा वेग मोजतात. सच्छिद्र, वेड्यावाकड्या पोताच्या जांभ्यावर या चाचण्या केल्या तर आकडे कमीच येणार. साध्या काँक्रीटची ताकद वीस न्यूटन धरली, तर धडधाकट चिराही त्या मोजपट्टीवर नापास होईल. आपण वर पाहिलं, की त्याला तेवढ्या ताकदीची गरजच नाही.

चिऱ्याच्या इमारतीच्या अहवालात मला वेगळ्या गोष्टी वाचायला आवडतील. भिंती ओळंब्यात आहेत का, की बाहेर झुकल्या आहेत? भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून काही महिने पाहिलं का? काच फुटली तर भेग चालू आहे, नाही फुटली तर ती जुनी आणि थांबलेली. तुळयांची टोकं उघडून पाहिली का? भिंतीतली ओल मोजली का, मे महिन्यात मोजली की ऑगस्टमध्ये? पायाशेजारी खड्डा घेऊन पाहिलं का? छपराचे सांधे कुणी वर चढून तपासले का? यातलं काहीच नसेल आणि हॅमरचे आकडे व चार फोटो एवढंच असेल, तर दुसरं मत मागण्याला पूर्ण कारण आहे. ते मत जुन्या दगडी बांधकामाचा अनुभव असलेल्या संवर्धन-वास्तुरचनाकाराकडून आणि इंजिनिअरकडून घ्यावं.

## ‘मुलांच्या जिवापेक्षा भिंती मोठ्या आहेत का?’

अजिबात नाहीत. शंका असेल तर वर्ग त्याच दिवशी दुसरीकडे हलवावेत, याबद्दल दुमत असू नये. पण रिकामी करणं आणि पाडणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला तासाभरात घेता येतो आणि घ्यावाच. दुसरा परत फिरवता येत नाही, म्हणून त्याला वेळ द्यावा. मधल्या काळात टेकू लावता येतात, धोक्याचा भाग बंद करता येतो. अनेकदा सगळी इमारत वाईट नसते. एका कोपऱ्यात पन्हळ तुटलेली असते आणि वर्षानुवर्षं तिथेच पाणी पडत आलेलं असतं.

## ‘शंभर वर्षं झाली, आयुष्य संपलं की!’

वयाची ही कल्पना आरसीसीवरून आली आहे. समुद्रकाठी हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये शिरतं आणि सळईपर्यंत पोचतं. सळई गंजते. गंजाला लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा लागते, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं आणि पोपडे पडतात. म्हणून तर किनाऱ्यावर सळईवर जास्त जाडीचं काँक्रीट घालावं असं मानक सांगतं. नुसत्या चिऱ्या-चुन्याच्या भिंतीत गंजायला सळईच नसते. सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं १६६४ साली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात सिंधुदुर्गासोबत विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीही आहेत. लाटा अंगावर घेणाऱ्या या तटांची आणि कॉलेजच्या भिंतींची कुळी एकच, दगडाची आणि चुन्याची. रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० साली उभा राहिला आणि आजही समुद्राकडे तोंड करून आहे. ज्याच्यासाठी तो बांधला तो ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १९१६ मध्ये याच गावात वारला.

मात्र काळजी न घेता टिकते अशी कोणतीही इमारत नसते. छपरातून पाणी येऊ लागलं आणि दोन पावसाळे कुणी पाहिलं नाही, तर दीडशे वर्षं टिकलेली भिंतही बसेल.

## ‘वादळ आणि भूकंप आला तर?’

हा आक्षेप खरा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने घाटाच्या दोन्ही बाजूंना हादरे दिले. भारवाही भिंत वरून येणारं वजन उत्तम पेलते, पण आडवा धक्का तिला मानवत नाही. त्यावर उपाय आहेत. समोरासमोरच्या भिंती लोखंडी ताणपट्ट्यांनी बांधता येतात, तुळया भिंतींना जखडता येतात, छपराच्या पातळीवर सगळ्या भिंतींना गुंफणारा पट्टा देता येतो. आयआयटीसारख्या संस्थांमध्ये या विषयावर काम चालतं. कोणत्याही शिक्षणसंस्थेने त्यांचा सल्ला मागायला संकोच करू नये.

वादळाचं बोलायचं तर ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत हजारो छपरं उडवली. कौलं फुटली आणि पत्रेही उडाले. पण दोघांचं नुकसान वेगळं होतं. पत्रा हलका आणि एकसंध, त्यामुळे वारा त्याला खालून उचलतो आणि तो दूर जाऊन कुणाला लागतो. चारही बाजूंना उतरणारं चौपाखी छप्पर दुपाखीपेक्षा वाऱ्यात जास्त तग धरतं. जुन्या इमारतीचं चौपाखी कौलारू छप्पर काढून त्या जागी सपाट उताराचे पत्रे घालताना हा विचार व्हायला हवा.

## ‘हेरिटेज ठरलं की खिळाही ठोकता येत नाही!’

तीन वेगळ्या गोष्टी इथे एकत्र कालवल्या जातात. एक, केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित स्मारकं. त्यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढे आणखी दोनशे मीटरपर्यंत नियमन. दोन, राज्याच्या १९६० च्या कायद्याखालची स्मारकं. जुनी कॉलेजं सहसा या दोन्हींत नसतात. तिसरी गोष्ट म्हणजे नगरनियोजनाच्या नियमांखाली केलेली स्थानिक वारसा यादी. मुंबईत ती १९९५ पासून आहे. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रासाठी डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही तशी तरतूद आहे.

या स्थानिक यादीत श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत जवळजवळ काही बदलता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर चालतो. तिसरीत तर बाहेरही मर्यादित बदल परवानगीने करता येतात. बहुतेक कॉलेज-इमारती दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत बसतील. वायफाय, लिफ्ट, अपंगांसाठी उतार, नवी स्वच्छतागृहं हे सगळं करता येतं. बंधन येतं ते विचारल्याशिवाय पाडण्यावर.

## ‘चुन्याचं काम परवडणार आहे का?’

चुन्यात हात चालणारे गवंडी कमी झाले आहेत आणि त्यांची मजुरी जास्त आहे, हे मान्य करायला हवं. पण तुलना करताना जुनी इमारत पाडण्याचा, राडारोडा हलवण्याचा आणि दोन-तीन वर्षं वर्ग भाड्याच्या जागेत भरवण्याचा खर्चही धरावा. आणि सगळं एकाच वेळी करायचं नसतं. आधी छप्पर आणि पन्हळी, मग भिंतीभोवतीचं पाणी वाहून नेणारं गटार, मग सिमेंट काढून भिंत वाळू देणं, मग दरजा. पहिल्या दोन कामांना चुना लागतही नाही आणि तेवढ्यानेच पुष्कळ इमारती संकटातून बाहेर येतात.

खरा अडसर वेळापत्रकाचा असतो. चुन्याला हवेतला वायू घेऊन घट्ट व्हायला महिने लागतात आणि तोवर त्याच्यावर पावसाचा मारा चालत नाही. निधी मात्र मार्चअखेरीस मंजूर होतो, ठेकेदार एप्रिलच्या शेवटी येतो आणि ‘पावसाच्या आत उरका’ म्हणून सिमेंट मारून मोकळा होतो. गेल्या वेळची भिंत अशीच बिघडली असते. ऑडिट पावसाळ्यात, भिंती ओल्या असताना व्हावं, कारण तेव्हाच गळती दिसते. निविदा गणपतीच्या सुमारास निघावी. दिवाळीनंतर, भिंत वाळायला लागली की गवंडी परांचीवर चढावा आणि फेब्रुवारीच्या आत चुन्याचं काम संपावं. संस्थेच्या सभेत माजी विद्यार्थ्यांनी एकच मागणी करायची ठरवली, तर ती या वेळापत्रकाची करावी.